उसनी रीत आणि आपलें नांव

देवगड हापुसाच्या पेटींत परप्रांतींचा आंबा भरून विकला जातो, तेव्हां आपणां सिंधुदुर्गकरांना राग येतो. फळाचें नांव हें त्याच्या भूमीचें नांव असतें. तें उसनें घेतां येत नाहीं. २०१८ सालीं हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालें, तें याच न्यायानें. पण नांव उसनें घेणें निराळें आणि रीत उसनी घेणें निराळें. हा भेद सोलापूर जिल्ह्यांतील एका तांबड्या द्राक्षमद्यावरून चांगला उमगतो.

इटलींतील तस्कनी प्रांतांत कियांती नांवाचें मद्य होतें. त्यांत सांजोवेझे या काळ्या द्राक्षाबरोबर कांहीं पांढरीं द्राक्षेंही मिसळलीं पाहिजेत, असा पूर्वीं नियम असे. १९७० नंतर कांहीं उत्पादकांनीं तीं वगळलीं व फ्रान्समधील काबर्ने सोव्हिन्यों ही जात सांजोवेझेला जोडली. नियम मोडल्यामुळें कियांती हें नांव गेलें. साधें जेवणाचें मद्य म्हणून तें विकावें लागलें. तरी त्याची कीर्ति जगभर पसरली.

या जोडीचें मर्म सोपें आहे. सांजोवेझेचा गुण आंबटपणा. काबर्नेच्या जाड सालींतून गडद रंग व तुरटपणा येतो. सोलकढींत आमसुलाला नारळाचा रस सांवरतो, तशी एकाची उणीव दुसरें भरून काढतें.

अकलूजच्या मोहिते-पाटील बंधूंनीं दिल्लीच्या सेखरी व इटलीच्या सेच्ची बंधूंसह ‘फ्रातेल्ली’ हा कारखाना काढला. या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. तस्कनीचे मद्यकार पिएरो मासी यांनीं तेथें याच दोन द्राक्षांचें मिश्रण सिद्ध केलें. सहा भाऊ आणि मासी मिळून सात, म्हणून त्याचें नांव ‘सेत्ते’, म्हणजे सात.

रीत आली, पण ऋतु आले नाहींत. तस्कनींत वेल हिंवाळ्यांत झोंपते व द्राक्षें सप्टेंबर-ऑक्टोबरांत उतरतात. दख्खनच्या पठारावर तिला तशी झोंप नाहीं. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरतां फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च! एकच जात, पण माती, ऊन व पंचांग निराळें. अर्थात् मद्यही निराळें. तें तस्कनीचें म्हणवून घेत नाहीं, हेंच योग्य.

आपल्या शेजारीं गोव्यांत मात्र गोड तांबड्या मद्याला सर्रास ‘पोर्ट’ म्हणतात. तें नांव पोर्तुगालच्या पोर्तो शहराचें आहे. हापुसाच्या नांवासाठीं झगडणाऱ्या आपण तेथेंही तोच न्याय लावावयास हवा. विद्या कोठूनही घ्यावी. नांव मात्र आपल्या मातीचें सांगावें.