पाहुण्याला जागा आहे का?

लग्नासाठी नागपूरला गेलेला मुंबईकडचा माणूस अक्षता टाकतो, संत्र्यांची करंडी बांधून घेतो आणि परतीची गाडी पकडतो. गेल्या मार्गशीर्षात आम्हीही तेच केले असते. पण लग्नघरातून निघता निघता आमच्या सौभाग्यवतीने विषय काढला, "अहो, एवढे इथवर आलोच आहोत, तर सेवाग्राम पाहून जाऊ या ना! शाळेत धडा होता तेव्हापासून मनात आहे. आणि पुन्हा कोण एवढ्या लांब येतंय?"

शेवटचे वाक्य बिनतोड होते. साठी उलटल्यावर 'पुन्हा कधीतरी' या शब्दांवर माणसाचा फारसा विश्वास राहत नाही. नागपूरहून वर्धा जेमतेम पाऊणशे किलोमीटर. आम्ही परतीचे आरक्षण तीन दिवस पुढे ढकलले आणि संध्याकाळच्या गाडीने वर्ध्याला उतरलो.

मुक्कामाचा प्रश्न होताच. पेन्शनरच्या कानाला 'हॉटेल' हा शब्द जरा जड लागतो. स्टेशनाजवळ एक स्वस्तातला लॉज दिसला. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण असे लॉज प्रत्येक गावात असतात. अरुंद जिना, टेबलामागे मफलर गुंडाळून बसलेला मॅनेजर आणि त्याच्या पाठीशी खिळ्यांना टांगलेल्या चाव्यांची फळी. आधार कार्ड दाखवले, वहीत नाव लिहिले, आगाऊ पैसे भरले. खोलीत दोन लोखंडी खाटा, एक बादली आणि 'गरम पाणी सकाळी ६ ते ८' अशी पाटी. आरशाच्या कडेला आधी येऊन गेलेल्या बायकांनी लावून ठेवलेल्या टिकल्या तशाच होत्या. सौ.नी त्या मोजल्या. अकरा भरल्या. "म्हणजे घरंदाज माणसे उतरतात इथे," असा निष्कर्ष काढून तिने पिशवीतली चादर अंथरली.

रात्री साडेनऊच्या सुमारास मी पिण्याचे पाणी आणायला खाली गेलो. टेबलापुढे एक जोडपे उभे होते. म्हातारा पन्नाशीचा असेल की सत्तरीचा, सांगता येऊ नये असा. दोन्ही पायांना घोट्यापर्यंत फडकी गुंडाळलेली. बाईच्या हातात गाठोडे आणि एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात दवाखान्याचे कागद. सकाळी सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायचे होते. एक रात्र टेकायला जागा हवी होती. पैसे देतो म्हणत होते.

मॅनेजर म्हणाला, "खोली नाही जी आज. सगळ्या भरल्या."

त्याच्या पाठीशी फळीवर तीन चाव्या टांगलेल्या होत्या. मला दिसल्या, त्या बाईलाही दिसल्या असाव्यात. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. पाण्याची बाटली भरली आणि जिना चढून वर आलो. बाहेर विदर्भातली कडाक्याची थंडी पडली होती.

सौ.ना मी ही हकीकत सांगितली. ती एवढेच म्हणाली, "आणि तुम्ही?" मी दिवा मालवला.

सकाळी आम्ही बिऱ्हाड सेवाग्रामला हलवले. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर. आश्रमासमोर रस्त्यापलीकडे यात्री निवास आहे. खोल्या साध्या, भाडे आमच्यासारख्याला परवडणारे. चैनीची वस्तू औषधालाही नाही. पण स्वच्छता आहे, झाडे आहेत आणि रात्री नऊनंतर शांतता आहे.

आश्रम पाहताना एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. ज्याच्या नावाने हे गाव जगाला ठाऊक झाले, तो माणूस इथे मुळात पाहुणाच होता. १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळाल्यावाचून साबरमतीच्या आश्रमात परतायचे नाही असे ठरवले. म्हणजे त्यांना हक्काचे घर उरले नाही. त्यांना वर्ध्याला बोलावले ते जमनालाल बजाज यांनी. जमनालालजी पाहुणचारात थोर. काँग्रेसचे पुढारी वर्ध्याला आले की त्यांच्या बजाजवाडीत उतरायचे. सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान १९३४ साली तुरुंगातून सुटले, तेव्हा सरकारने त्यांना त्यांच्याच प्रांतात पाऊल टाकायला बंदी केली होती. त्या पठाणाला आसरा मिळाला तो वर्ध्याला. आणि जमनालालजींचा दरवाजा केवळ पुढाऱ्यांपुरताच उघडा नव्हता. त्यांच्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी १९२८ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुले केले. देशभर देवळांचे दरवाजे बंद होते त्या काळात!

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शहर सोडून जवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. बुलढाण्याकडेही एक शेगाव आहे. पत्रांचा घोटाळा होऊ लागला, म्हणून १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आरंभी सारी मंडळी एकाच घरात राहत. ते आदिनिवास आजही उभे आहे. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि आले-गेले पाहुणे सगळे त्याच छपराखाली.

सौ. आदिनिवासात बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "आणि बांनी काय करायचे? कपडे बदलायला तरी आडोसा?"

या प्रश्नाचे उत्तर पलीकडेच उभे आहे. अखंड चाललेल्या या वर्दळीत कस्तुरबांची कुचंबणा होते हे जमनालालजींच्या लक्षात आले आणि त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधवली. तीच बा-कुटी. सौ.ना ती बापू-कुटीपेक्षाही अधिक आवडली. घरात पाहुणा आला की यजमानाला पुण्य लागते आणि यजमानिणीची जागा जाते, हे बायकांना सांगावे लागत नाही. जमनालालजींना ते कुणी न सांगता दिसले, याचे तिला कौतुक वाटले.

पाहुण्यांचेही हाल होत, बरे का! लुई फिशर नावाचे अमेरिकन पत्रकार जून १९४२ मध्ये आठवडाभर इथे राहिले. विदर्भातला जून, पाऊस नाही, पंखा नाही. पाहुण्यांच्या मातीच्या घरात त्या गृहस्थांनी युक्ती काढली. पत्र्याच्या टबात पाणी भरायचे, त्यात लाकडी खोके ठेवून त्यावर बसायचे आणि टबाबाहेरच्या दुसऱ्या खोक्यावर टंकलेखन यंत्र ठेवून लिहायचे! बारा वाजता टबात बसून मजकूर लिहिणारा साहेब डोळ्यांपुढे आला आणि आम्हाला हसू आवरेना. पण गांधीजींच्या रोजच्या मुलाखती त्यांनी चुकवल्या नाहीत, आणि पुढे त्या आठवड्यावर पुस्तकही लिहिले.

ते हसू परचुरे-कुटीपाशी थांबले.

दत्तात्रेय परचुरे शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचा आणि त्यांचा संबंध आला होता. त्यांना महारोग झाला होता. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. रोग्याला घरचे लोकही दूर करीत. १९३९ साली शास्त्रीबुवा सेवाग्रामला येऊन पोहोचले. मरण यायचे तर इथे यावे, एवढीच त्यांची इच्छा. आश्रमात इतर माणसे होती, त्यांच्यावर हा धोका लादायचा का, हा प्रश्न गांधीजींपुढेही होताच. तरी त्यांनी शास्त्रीबुवांना ठेवून घेतले. आणि ठेवले ते कुठे कुंपणापाशी नव्हे, आपल्या कुटीजवळ! देशाचे राजकारण ज्यांच्या हातात होते तो माणूस या रोग्याचे अंग स्वतःच्या हाताने चोळीत असे.

आज महारोग औषधांनी पूर्ण बरा होतो. पण त्या दिवशी हे औषध नव्हते. होती ती फक्त जागा, आणि ती दिली गेली.

सौ. हळूच म्हणाली, "काल रात्रीचे ते दोघे कुठे झोपले असतील हो?"

मी कालपासून हाच प्रश्न टाळत होतो. त्या म्हाताऱ्याला काय झाले होते कुणास ठाऊक. मधुमेहाची जखम असेल, भाजले असेल. मॅनेजरने विचारले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. आम्हा दोघांनाही फडकी पुरेशी झाली होती.

सेवाग्रामात दोन प्रकारचे प्रवासी येतात, हे यात्री निवासाच्या रस्त्यावर दोन दिवस फिरल्यावर कळते. एक आमच्यासारखे, आश्रम बघायला येणारे. दुसरे कस्तुरबा रुग्णालयात येणारे. कस्तुरबांच्या नावाचा हा दवाखाना गांधीजींच्या सहकारी डॉ. सुशीला नय्यर यांनी उभा केला. १९६९ सालापासून तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, कुठून कुठून रोगी येतात. रोग्याला खाट मिळते. पण त्याच्याबरोबर आलेल्या बापाने, बायकोने, भावाने रात्री कुठे टेकायचे? स्वस्तातली खोली ही आपल्यासारख्यांना प्रवासातली काटकसर वाटते. त्या माणसांची सारी धडपड तिच्यावर अवलंबून असते.

संध्याकाळी झाडाखालच्या मैदानात प्रार्थनेला बसलो. दहा-बारा माणसे. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी इथून गेले ते परत आले नाहीत. फेब्रुवारी १९४८ मध्ये येण्याचा बेत होता. ३० जानेवारी मध्ये आली. यजमान गेला तरी दार उघडे राहिले आहे, असे काहीसे मनात आले.

तिसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीसाठी वर्ध्याला आलो. सौ.नी घरी नेण्यासाठी गोरसपाकाचे दोन पुडे घेतले. गाडीला अवकाश होता. मी तिला फलाटावर बसवले आणि त्या लॉजचा जिना चढलो. मॅनेजरने मला ओळखले.

"परवा रात्री ते दोघे आले होते. पायाला फडकी होती. त्यांचे पुढे काय झाले?"

"स्टेशनावर झोपले असतीन जी. सकाळी दवाखान्याची गाडी धरली असन."

"चाव्या तर होत्या तुमच्याकडे."

तो रागावला नाही. मफलर सारखा करीत म्हणाला, "होत्या जी. खोटं काऊन बोलू? पण त्या पायाचा वास येत होता. बाजूचं गिऱ्हाईक ओरडलं तं मालक मलेच बोलते. माही नोकरी हाये बाप्पा." मग क्षणभर थांबून म्हणाला, "तुम्ही तं तिथंच उभे होते साहेब. तुम्ही म्हटलं असतं ना, 'राहू द्या, आमची हरकत नाही,' तं मी देली असती खोली."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याला तरी नोकरीची भीती होती. मला कशाची होती?

डोंबिवलीला परतून महिना झाला असेल. अकोल्याकडच्या एका चुलत मेहुण्यांचा फोन आला. कधी लग्नाकार्यात भेटलो तेवढीच ओळख. त्यांच्या पत्नीला परळच्या कर्करोग इस्पितळात दाखवायचे होते. उपचार तीन आठवडे चालतील म्हणाले. "तुमच्याकडे उतरतो" असे ते म्हणाले नाहीत. "जवळपास एखादा स्वस्त लॉज तुमच्या माहितीत आहे का?" असे त्यांनी विचारले.

वाचकांपैकी ज्यांचे घर दोन खोल्यांचे आहे त्यांना यापुढचे माझे विचार सांगायला नकोत. मुलगा-सून सुटीत येणार, डोंबिवलीहून परळ लांब, लोकलची गर्दी, रोग्याचे पथ्य. सगळी कारणे खरी होती. त्या फळीवरच्या चाव्याही खऱ्याच होत्या. मी फोनवर हात ठेवून सौ.कडे पाहिले.

ती म्हणाली, "बाहेरच्या खोलीतला दिवाण आहे की! या म्हणावं. मात्र आधी मला मधे एक पडदा लावून द्या."

मी त्याच दिवशी दोरी आणि खिळे आणले.

ती दोघे बावीस दिवस राहिली. सगळे गोडीगुलाबीने झाले असे म्हणणार नाही. सकाळी न्हाणीघरापुढे रांग लागे, दूध पुरेना, एकदा रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करावा लागला. मेहुण्यांना संकोच वाटे आणि त्यांच्या संकोचाचा आम्हाला संकोच वाटे. पण त्या पडद्याआड आमच्या हिला तिची जागा होती आणि दिवाणावर त्या आजारी बाईला तिची. निघताना त्या बाई सौ.च्या गळ्यात पडल्या. बोलल्या काही नाहीत.

त्या थंडीच्या रात्री स्टेशनावर झोपलेल्या जोडप्याचे ऋण यातून फिटले, असे मी म्हणत नाही. ते कुठल्या गावचे, त्या पायांचे पुढे काय झाले, हे मला कधीच कळणार नाही. पडदा मात्र आम्ही काढलेला नाही. दोरीवर गुंडाळून ठेवला आहे. मेहुण्यांना तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला यायचे आहे, आणि या वेळी त्यांनी लॉजचे विचारलेले नाही.