पायाखालची जमीन खरंच सरकते!

एक सोपा प्रश्न. वर्गात बाकावर नुसते बसलेले असताना आपला वेग किती? ‘शून्य’ म्हणालात तर मार्क कट! कारण बाक, कॉलेज आणि अख्खा भारत वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतोय. नखं वाढतात साधारण त्याच वेगाने. माझं वय वीस. म्हणजे माझ्या जन्मापासून देश मीटरभर पुढे गेला आणि मला पत्ताही नाही!

शाळेत मी हे सगळं इंग्लिशमधून पाठ केलं होतं. मराठीत सांगायची वेळ आली ती दिवाळीत, आजोळी. आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळच. मामा जुन्या दगड-मातीच्या घरावर एक मजला चढवायचं म्हणत होते. मी भूकंपाचं नाव काढलं तर म्हणाले, “तीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होतंय?”

मग मी त्यांना सांगितलं ते असं.

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. तडकलेल्या फरशीसारखे त्याचे तुकडे आहेत, सात मोठे आणि बरेच छोटे. हेच प्लेट, पुस्तकी मराठीत भूपट्ट. जाडी साधारण १०० किलोमीटर. पुष्कळांना वाटतं की त्या लाव्हावर तरंगतात. तसं नाही. खालचा थर घनच आहे, पण प्रचंड तापलेला. डांबराचा गोळा आठवा. हातोडा मारला तर फुटतो, नुसता ठेवला तर हळूहळू पसरतो. तापलेला खडक असाच लाखो वर्षांत वाहतो. शिवाय समुद्राखालच्या जुन्या, थंड, जड प्लेटचं टोक खाली बुडताना मागची प्लेट ओढत नेतं.

१९१२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरने ‘खंड सरकतात’ असं मांडलं, तेव्हा बहुतेकांनी ते उडवून लावलं. ‘सरकवतं कोण?’ याचं पटेल असं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते मिळालं १९६० च्या दशकात, समुद्रतळाच्या अभ्यासातून.

प्लेटच्या कडांवर तीन प्रकार घडतात. दूर जातात तिथे नवा तळ तयार होतो, उदाहरणार्थ आइसलँड. घासून जातात तिथे कॅलिफोर्नियाचा सॅन अँड्रियास. आणि आदळतात तिथे आपला हिमालय. भारताची ही टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि अजून संपलेली नाही.

“पण हिमालय कुठं, औसा कुठं?” मामांनी बरोबर मुद्दा धरला. किल्लारी कडेवर नाही, प्लेटच्या पोटात आहे. पण भिंतीला एका टोकाला रेटा दिला की ताण सगळ्या भिंतीत जातो, आणि तडा जातो तो जिथे आधीच कच्चं असेल तिथे. जमिनीखाली असे जुने कच्चे भाग आहेत. तिथे ताण हजारो वर्षं साठत राहतो. त्या हिशोबात तीस वर्षं म्हणजे काहीच नाही!

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली. चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा धक्का बसला. जाड दगडी भिंती, मातीचा गिलावा, वर मातीचं जड माळवद. ते सगळं अंगावर आलं आणि हजारो माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता! २००२ च्या सुधारणेत झोन १ च रद्द झाला आणि हा भाग झोन ३ मध्ये आला.

थोडक्यात काय, प्लेट आपण थांबवू शकत नाही, भूकंपाची तारीखही सांगू शकत नाही. हातात आहे ते घर. जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवला, तर चारही भिंती एकमेकींना धरून ठेवतात. आणि मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर नवा मजला? नकोच.

आजी इतका वेळ गप्प होती. ती एवढंच म्हणाली, “त्या रात्री आम्ही अंगणात होतो म्हणून आहोत.”

मामा अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. पण मागच्या आठवड्यात फोन आला होता, “शेजारच्या मोकळ्या जागेत पट्टे घालून दोन खोल्या काढल्या तर लोखंड किती लागेल?” हिशोब करून पाठवलाय.