कर्करोग आणि छातीतील पाणी : उपचारांची ओळख

कर्करोगाच्या रुग्णाच्या ‘छातीत पाणी झाले’ असे कळताच नातेवाईक आम्हांस दोन प्रश्न हमखास विचारतात : काढलेले पाणी पुन्हा का भरते, आणि शस्त्रक्रियेने ते थांबेल का? ही माहिती देणगीदारांनाही उपयोगी पडेल, म्हणून ती थोडक्यात येथे देत आहोत.

फुप्फुस व छातीचा पिंजरा यांच्यामध्ये दोन पातळ आवरणे असतात. त्यांच्या दरम्यान निरोगी माणसात जेमतेम दोन-चार चमचे द्रव असतो. त्यामुळे श्वासागणिक फुप्फुस सहज सरकते. फुप्फुसाच्या, स्तनाच्या वा अन्य कर्करोगाच्या पेशी या आवरणांवर पसरल्या की द्रव अधिक झिरपतो आणि त्याचा निचरा खुंटतो. फुप्फुस दबून रुग्णास आडवे होणेही कठीण जाते. आपल्याकडे क्षयरोगानेही छातीत पाणी होते. म्हणून आधी पाण्याची, व गरज पडल्यास आवरणाच्या तुकड्याची, तपासणी करणे अगत्याचे असते.

सुईने पाणी काढल्यास बहुधा लगेच आराम पडतो. एका वेळी साधारणतः दीड लिटरहून अधिक पाणी काढत नाहीत, कारण दबलेले फुप्फुस एकाएकी उलगडल्यास त्याला सूज येऊ शकते. मात्र मूळ कारण कायम असल्याने बहुतेकांना महिन्याभरात पाणी पुन्हा भरते.

वारंवार पाणी भरत असल्यास प्रामुख्याने दोन मार्ग असतात. पहिला प्लुरोडेसिस. यात पाणी काढून शंखजिऱ्याची निर्जंतुक पूड आत सोडतात. त्यामुळे दोन्ही आवरणे एकमेकांस चिकटतात व पाण्याला जागा उरत नाही. ही पूड दुर्बिणीतून फवारता येते किंवा द्रवात कालवून नळीवाटे सोडता येते. ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० दिवसांनंतर अपयशाचे प्रमाण अनुक्रमे २२ व २४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. त्यामुळे नळीवाटे उपचार मिळाला म्हणजे कमी प्रतीचा मिळाला, असे नातेवाइकांनी मानू नये.

फुप्फुस पुरते उलगडत नसेल तर आवरणे चिकटत नाहीत. अशा वेळी त्वचेखालून बारीक कायमस्वरूपी नळी बसविणे हा दुसरा मार्ग. घरचे माणूस शिकून घेऊन घरीच पाणी काढू शकते. फुप्फुस उलगडत असलेल्या रुग्णांनाही हा मार्ग खुला असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १४६ रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही मार्गांनी धाप सारखीच कमी झाली. नळीच्या रुग्णांचे रुग्णालयातील दिवस मात्र थोडे कमी भरले. नळीभोवती जंतुसंसर्ग होऊ नये यासाठी स्वच्छता कसोशीने पाळावी लागते.

यांपैकी कोणत्याही उपचाराने कर्करोग बरा होत नाही, हे आम्ही कुटुंबीयांस स्पष्टपणे सांगतो. परंतु धाप कमी होते, रात्री झोप लागते, आणि उरलेले दिवस आपल्या माणसांत काढता येतात.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार बिलांच्या रकमेतील दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. मात्र घरी गेल्यावर लागणाऱ्या बाटल्या व ड्रेसिंगचा खर्च रुग्णालयाच्या बिलात येत नाही. तो कुटुंबावरच पडतो. देणगी देताना शस्त्रक्रियेइतकाच या नंतरच्या खर्चाचाही विचार व्हावा, ही आमची नम्र विनंती आहे.