उड्या मारणारा कोळी कसा शोधावा, कसा ओळखावा?

पैनगंगा ओलांडून यवतमाळकडून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात उतरले की सागाची राने लागतात. २०१२ मध्ये घोषित झालेला कवाल व्याघ्र प्रकल्प याच पट्ट्यात आहे. येथे वाघ दिसणे हा दैवाचा भाग. मात्र रानाच्या कडेला, कोवळ्या उन्हात एखाद्या झुडपापाशी थोडा वेळ थांबले, तर दुसरा एक शिकारी भेटू शकतो. तो बहुधा नखाएवढाही नसतो. भक्ष्य धरण्यासाठी तो जाळे विणत नाही. दबा धरून झेप घेतो. जगभरात सहा हजारांहून अधिक जाती असलेले ‘साल्टिसिडी’ हे त्याचे कुळ कोळ्यांमधील सर्वांत मोठे आहे.

हा कोळी दिवसा वावरतो. पानांचे पृष्ठभाग, सागाची साल, ऊन खाणारे दगड आणि घरांच्या भिंती ही त्याची ठिकाणे. फांदीखाली पांढरे कापड धरून ती हलकेच झटकली, तर लपलेले कोळीही खाली पडतात. पाहून झाल्यावर त्यांना तेथेच सोडावे. राखीव वनात मात्र परवानगीवाचून काहीही पकडू नये.

ओळखीची पहिली खूण म्हणजे डोळे. आठांपैकी चार समोर एका ओळीत असतात आणि त्यांतील मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे दिसतात. आपण हललो की तो वळून आपल्याकडे पाहतो. झेपेपूर्वी तो रेशमाचा धागा जागेला चिकटवून ठेवतो. उडी चुकलीच, तर हा दोर त्याला सावरतो. काही जाती मुंगीचे सोंग घेतात आणि पुढचे पाय मिशांसारखे उंचावून चालतात. अशा वेळी पाय मोजावेत: मुंगीला सहा, कोळ्याला आठ.

कुळ ओळखणे सोपे, जात ओळखणे अवघड. एकाच जातीचे नर व मादी रंगाने अगदी भिन्न असू शकतात. पूर्ण वाढलेल्या नराच्या तोंडाजवळील स्पर्शकांची टोके फुगीर असतात. जातीचा अंतिम निर्णय बहुधा प्रौढ कोळ्याचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच होतो. म्हणून छायाचित्र समोरून, वरून व बाजूने घ्यावे आणि स्थळ, दिनांक व झाड यांची नोंद ठेवावी.

अशा निरीक्षणाचे मोल ठाणे परिसराने दाखवून दिले आहे. दाट लोकवस्तीच्या त्या भागातून २०२१ मध्ये उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात विज्ञानाला ज्ञात झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवत हुतात्मा झालेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘इसियस तुकारामी’ ठेवण्यात आले.

महानगराच्या शेजारी जर अशी जात इतकी वर्षे अनोळखी राहू शकते, तर आदिलाबादच्या रानांत आणि कपाशीच्या शेतांतही डोळसपणे पाहायला हवे. शेतातले बारीक किडे हे या कोळ्यांचे अन्न. कीडनाशकाची सरसकट फवारणी किडीबरोबर या राखणदारालाही मारते. ज्याची ओळखच झालेली नाही, तो नाहीसा झाल्याचे कळणार तरी कसे?