सोन्याची नगरी आणि मातीचे गाव

(सोन्याच्या हरवलेल्या शहराच्या गोष्टी सर्वांना आवडतात. या गोष्टी कोठून आल्या आणि आपल्या जिल्ह्यात खरोखरच हरवलेले गाव कसे सापडले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुम्हांला चित्रकथा वाचायला आवडतात ना? चित्रकथेचा नायक संकटात सापडलेल्यांच्या मदतीला धावून जातो. कधी तो घनदाट जंगलात शिरतो, कधी डोंगर ओलांडतो, कधी समुद्राच्या तळाशी जातो. आणि अचानक त्याच्यासमोर एक नगरी उभी राहते. तिच्या भिंती सोन्याच्या, कळस सोन्याचे, रस्तेही सोन्याचे! शेकडो वर्षांत बाहेरच्या कोणालाही तिचा पत्ता लागलेला नसतो. पान उलटताना आपलेही डोळे दिपून जातात.

अशा चित्रकथा आपल्याकडे मराठीतूनही निघत. 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रकथांची मालिका १९६४ साली सुरू झाली व १९९० साली बंद पडली. तिच्यातील वेताळ हा नायक घराघरांत माहीत होता. ली फाक या अमेरिकन लेखकाने तो १९३६ साली निर्माण केला. या वेताळाच्या राज्यात एक समुद्रकिनारा आहे. तेथील वाळूत सोने मिसळलेले आहे, आणि ती जागा जगापासून लपवलेली आहे. पुढे १९६६ साली अमेरिकेतील दुसऱ्या एका चित्रकथेत 'वाकांडा' नावाचा देश आला. तोही जगापासून लपलेला. मात्र त्याची श्रीमंती सोन्याची नसून एका काल्पनिक धातूची आहे. धातू बदलला, पण कल्पना जुनीच राहिली.

ही कल्पना चित्रकथांच्याही आधीची आहे. तुमच्यापैकी अनेकांनी घरी 'अलिफ लैला'च्या गोष्टी ऐकल्या असतील. त्यांत एक पितळेचे शहर आहे. त्या शहरात अपार संपत्ती आहे, पण ती उपभोगायला एकही माणूस जिवंत नाही. 'तिलिस्म-ए-होशरुबा'मध्ये तर जादूने लपवलेले सारे राज्यच आहे. मराठीत 'लंकेत सोन्याच्या विटा' अशी म्हण आहे. दूरच्या ठिकाणी सोन्याच्या विटा असल्या, तरी आपल्याला त्यांचा काय उपयोग, असा तिचा अर्थ आहे. उर्दू असो की मराठी, सोन्याच्या नगरीने सर्वांनाच भुरळ घातली आहे.

आता तुम्ही विचाराल, की अशी नगरी खरोखर कोठे होती का?

चारशे-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातील पुष्कळ लोकांना ती आहे असे वाटत होते. तिचे नाव होते 'एल दोरादो'. या स्पॅनिश शब्दांचा अर्थ 'सोन्याने मढवलेला' असा आहे. गंमत अशी, की हे नाव आधी शहराचे नव्हते, ते एका माणसाचे होते. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात मुइस्का नावाचे लोक राहत. त्यांचा नवा राजा गादीवर बसताना अंगाला सोन्याची भुकटी लावून तराफ्यावरून ग्वाताविता नावाच्या सरोवरात जात असे आणि सोन्याच्या वस्तू पाण्यात अर्पण करत असे, अशी हकीगत स्पॅनिश लोकांनी ऐकली. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना हकीगत वाढत गेली. सोन्याच्या माणसाचे सोन्याचे शहर झाले आणि शेवटी सोन्याचा देश झाला!

या शहराच्या शोधात अनेकांनी जीव गमावले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सोन्याच्या लोभाने ग्वाताविता सरोवराचा काठ खणून पाणी बाहेर काढण्यात आले. तो काठ ढासळला व काम करणारे मजूर गाडले गेले. इंग्लंडचा सर वॉल्टर रॅले १५९५ साली आणि पुन्हा १६१७ साली या शोधात निघाला. सोने मिळाले नाही. उलट परतल्यावर, १६१८ साली त्याला देहदंड झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका कंपनीने त्या सरोवराचे जवळजवळ सर्व पाणी काढले. पण तळाचा चिखल उन्हाने वाळून सिमेंटसारखा कडक झाला. इतका खटाटोप करूनही हाती फारसे लागले नाही. अखेर १९६५ साली कोलंबियाच्या सरकारने त्या सरोवराला संरक्षण दिले.

आणि १९६९ साली काय झाले पाहा. कोलंबियातील शेतकऱ्यांना एका गुहेत एक छोटीशी वस्तू मिळाली. तो होता सोन्याचा तराफा, जेमतेम वीतभर लांबीचा. त्यावर मध्यभागी राजा आणि भोवती त्याची माणसे उभी आहेत. आज तो बोगोता येथील संग्रहालयात आहे. म्हणजे मूळ हकीगत अगदीच खोटी नसावी. खोटे होते ते शहर.

चला, आता आपण आपल्या जिल्ह्यात येऊ.

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात राहू नावाचे गाव आहे. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधल्या तेथील सुपीक पट्ट्याला लोक 'राहू बेट' म्हणतात. चहूकडे उसाचे मळे आणि गुळाची गुऱ्हाळे. या काळ्या मातीतून सोने पिकते, असे आपण सहज म्हणतो. भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका आहे. त्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. आपल्या भागातील हरवलेले गाव येथेच सापडले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९६८ साली येथे उत्खनन सुरू केले आणि ते १९८३ सालापर्यंत चालले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी या विद्वानांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. एका जुन्या गावासाठी पंधरा वर्षे! चित्रकथेचा नायक एका रात्रीत नगरी शोधतो. खऱ्या संशोधकाच्या अंगी मात्र फार मोठा धीर असावा लागतो.

गाव जमिनीखाली जाते तरी कसे? हे समजायला अवघड नाही. जुन्या काळी घरे मातीची असत. घर पडले, की लोक तीच माती सपाट करून तिच्यावर नवे घर बांधत. चुलीची राख, फुटकी मडकी, जनावरांची हाडे तेथेच पडून राहत. शेकडो वर्षे असे होत गेले, की थरावर थर चढतो आणि उंचवटा तयार होतो. राख मिसळल्यामुळे ही माती पांढुरकी दिसते. म्हणून गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेला आपण 'पांढर' म्हणतो आणि शेतजमिनीला 'काळी'.

संशोधक हे थर वरून खाली, एकेक करून उलगडतात. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना. जळालेले धान्य किंवा कोळसा सापडला, तर त्याची प्रयोगशाळेत तपासणी करतात. सजीवांच्या शरीरात एका विशिष्ट प्रकारचा कार्बन असतो. मृत्यूनंतर तो ठरावीक गतीने कमी होत जातो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. किती उरला आहे हे मोजले, की काळ कळतो. इनामगावची वस्ती अशा रीतीने सुमारे ३,६०० ते २,७०० वर्षांपूर्वीची ठरली. म्हणजे ती नऊशे वर्षे नांदती होती!

या गावात काय मिळाले? शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. लाल रंगावर काळी नक्षी काढलेली सुबक मडकी मिळाली. गारेच्या दगडाची धारदार पाती मिळाली. तांब्याच्या वस्तू मिळाल्या, पण थोड्या. कारण तांबे दुर्मीळ होते. गहू, जव, डाळी, वाटाणे आणि तीळ यांचे दाणे मिळाले. बोरे, आवळे आणि जांभळे हे लोक खात असत, असेही दिसून आले. तीन हजार वर्षांपूर्वीची मुलेसुद्धा तुमच्यासारखीच बोरांवर तुटून पडत असतील, नाही का?

गावाच्या पश्चिम कडेला कुंभार, सोनार, मणी बनवणारे असे कारागीर राहत, असे संशोधकांचे मत आहे. म्हणजे गावात सोनार होता. पण सोन्याचे घर मात्र एकही नव्हते. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते. त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा एक मोठा रांजण निघाला. त्यात मांडी घालून बसवलेल्या पुरुषाचा सांगाडा होता. इतर मोठ्या माणसांना जमिनीत उताणे, उत्तरेकडे डोके करून पुरलेले होते. त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. तेव्हा हा गावाचा प्रमुख असावा, असा तर्क करण्यात आला.

या प्रमुखाच्या घराला लागूनच काय होते, ठाऊक आहे? सोन्याची तिजोरी नव्हे, तर धान्याचे कोठार! गावाच्या कडेने नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी मोठा पाट खणला होता व त्याला दगड-मातीचा बांध घातला होता. एकट्यादुकट्याचे हे काम नाही. सारे गाव एकत्र आले असेल, तेव्हाच ते झाले असेल. धान्य, पाणी आणि एकजूट हाच त्या गावाचा खजिना होता.

पुढे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, हवामान कोरडे होत गेले असे संशोधक सांगतात. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती कमी झाली, शिकार वाढली. शेवटी लोक गाव सोडून गेले. कोणा जादूगाराने गाव लपवले नाही. पाण्याने साथ सोडली आणि गाव ओस पडले. ज्या भागात आज धरणे व विहिरी यांच्या बळावर ऊस डोलतो, त्या भागाने ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मुलांनो, जुन्या वस्त्यांना आजही एक मोठा धोका आहे. तो म्हणजे गुप्तधनाचा लोभ. कोणीतरी सांगतो, 'या टेकाडात हंडा पुरला आहे.' मग रातोरात खड्डे खणले जातात. सोने तर मिळत नाहीच; पण मडकी फुटतात, थर विस्कटतात. एकदा थर विस्कटले, की जगातील कोणताही संशोधक ते पुन्हा लावू शकत नाही. पुस्तकाची पाने फाडून वाऱ्यावर उधळावीत, तसे ते होते.

याउलट दायमाबादचे उदाहरण पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावात १९७४ साली एका ग्रामस्थाला झाडाचे खोड खणताना धातूच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. त्यांचे एकूण वजन ६० किलोपेक्षा जास्त आहे. भंगारात जाऊन त्या वितळल्या असत्या, तर चार पैसे मिळाले असते आणि साडेतीन-चार हजार वर्षांची कला नाहीशी झाली असती. सुदैवाने त्या सरकारकडे आल्या आणि आज जगभरचे अभ्यासक त्यांच्याकडे आश्चर्याने पाहतात.

जमिनीत पुरलेला मौल्यवान ठेवा सापडला, तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असा १८७८ सालापासून आपल्या देशात कायदा आहे. तेव्हा शेतात, नदीकाठी किंवा गावाच्या पांढरीत तुम्हांला नक्षीचे खापर, जुने नाणे किंवा मणी दिसला, तर तेथे खणू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि आपल्या शिक्षकांना सांगा.

चित्रकथेतील सोन्याची नगरी अवश्य वाचा. तिच्यामुळे मन दूरवर भरारी घेते. पण ती नगरी कोणाचीच नसते. पायाखालचे मातीचे गाव मात्र आपले असते. ते आपल्या आधी येथे नांगर धरणाऱ्यांचे, पाणी आणणाऱ्यांचे आणि बोरे वेचणाऱ्या मुलांचे असते. ते जपणे आपल्या हाती आहे.

शब्दार्थ

तराफा – लाकडाचे ओंडके बांधून केलेली सपाट नाव
हकीगत – घडलेली गोष्ट
उत्खनन – जुन्या वस्तू शोधण्यासाठी पद्धतशीरपणे केलेले खोदकाम
अवशेष – मागे उरलेला भाग
रांजण – मातीचे मोठे भांडे
शाबूत – न तुटलेले, पूर्ण
पाट – पाणी वाहून नेण्यासाठी खणलेला मार्ग
गुप्तधन – जमिनीत लपवून ठेवलेले धन

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'एल दोरादो' या शब्दांचा अर्थ काय?
(आ) इनामगाव कोणत्या नदीच्या काठी आहे?
(इ) प्रमुखाच्या घराला लागून काय होते?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुने गाव जमिनीखाली कसे जाते?
(आ) इनामगावचे लोक गाव सोडून का गेले?
(इ) गुप्तधनासाठी खणल्याने कोणते नुकसान होते?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
डोळे दिपणे, भुरळ घालणे, ओस पडणे, साथ सोडणे.

प्र. ४. 'हकीगत', 'शाबूत' हे शब्द उर्दूतही आहेत. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द लिहा.

उपक्रम : आपल्या गावाच्या 'पांढरी'विषयी घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा व मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.