जर्मन पूर्वजांचा माग : भाषा ठिकाण सांगते, वंश नव्हे

१८२० ते १९१४ या काळात जर्मनभाषक प्रदेशांतून ५० लाखांहून अधिक माणसे अमेरिकेत गेली आणि त्यांच्या वंशजांच्या घरांत घरचे बायबल, बाप्तिस्म्याचे दाखले व पत्रांची बंडले आजही जपलेली आढळतात. असे दप्तर हाताशी असूनही कुळाचा शोध पुष्कळदा अडतो, कारण ते उघडण्यापूर्वीच काही समजुती मनात घट्ट बसलेल्या असतात.

त्यांपैकी सर्वांत खोलवर रुजलेली समजूत अशी, की आडनाव जर्मन असेल तर रक्तही जर्मॅनिक असणार. वस्तुतः ‘जर्मॅनिक’ हे भाषाकुलाचे नाव असून जर्मनसह इंग्रजी, डच, डॅनिश, स्वीडिश, आइसलँडिक आणि यिडिश या भाषा त्यात मोडतात. भाषा बदलते, तशी ती स्वीकारलीही जाते. प्रख्यात जर्मन कादंबरीकार थिओडोर फोंटाने यांचे पूर्वज फ्रान्समधून परागंदा झालेले प्रॉटेस्टंट, म्हणजे ह्युगेनॉट होते. अशा निर्वासितांना ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्याने १६८५च्या पोट्सडाम फर्मानाने आश्रय दिला होता. जर्मनीत सर्रास आढळणारे ‘नोवाक’ हे आडनाव स्लाव्ह भाषांतले असून त्याचा अर्थ ‘नवखा’ असा होतो.

भाषा खात्रीने काही सांगत असेल, तर ते नाव कोठे घडले हे. मध्ययुगाच्या आरंभी दक्षिणेकडील बोलींत ‘प’चा ‘प्फ’ किंवा ‘फ’ आणि ‘ट’चा ‘त्स’ किंवा ‘स’ झाला. यालाच उच्च जर्मन व्यंजनपरिवर्तन म्हणतात. उत्तरेच्या सखल प्रदेशापर्यंत हा बदल पोहोचला नाही, म्हणून पावा वाजवणाऱ्याचे आडनाव दक्षिणेत ‘प्फायफर’ तर उत्तरेत ‘पीपर’ झाले. शेवटी ‘ले’ असेल तर श्वाबेन, ‘ली’ असेल तर स्वित्झर्लंड आणि ‘सेन’ असेल तर डेन्मार्कलगतचा उत्तर भाग आधी तपासावा, असे सर्वसाधारणपणे म्हणता येते. भाषेवरून वंश ठरवण्याच्या हट्टाने किती अनर्थ केला, याचा पुरावाही जर्मनीतील जुन्या दप्तरांत सापडतो. नाझी राजवटीत ‘आर्य’ वंश सिद्ध करण्यासाठी लोकांनी ‘आनेनपास’ नावाच्या पूर्वजपुस्तिका भरल्या. त्यांत चर्चच्या वह्यांतून उतरवलेल्या तारखा व गावे संशोधकाला उपयोगी पडतात. ज्या हेतूने त्या भरून घेतल्या गेल्या, त्याला मात्र शास्त्राचा कोणताही आधार नव्हता.

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही गोष्ट असंख्य कुटुंबांत श्रद्धेने सांगितली जाते. ते केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले, तोवर जर्मन स्थलांतराची सर्वांत मोठी लाट ओसरली होती. शिवाय तेथील अधिकारी नावे नव्याने लिहून घेत नसत, जहाज कंपनीने आधीच तयार केलेल्या यादीशी ती ताडून पाहत. नावे बदलली ती पुढे, शेजारीपाजारी, शाळेत, दुकानाच्या पाटीवर, आणि अनेकदा पहिल्या महायुद्धातील जर्मनविरोधी वातावरणात. अशा बदलात दर वेळी ध्वनी जुळतोच असे नाही, कधी केवळ अर्थ जुळतो : ‘त्सिमरमान’चा ‘कार्पेंटर’ झाला, तरी दोन्हींचा अर्थ सुतारच.

आडनाव बापाकडून मुलाकडे अखंड चालत आले, हेही गृहीत धरता येत नाही. वेस्टफालियात शेतवाडीला स्वतःचे नाव असे आणि तेथे आलेला घरजावई ते नाव धारण करी. कागदात दोन नावांच्या मध्ये ‘गेनान्ट’, म्हणजे ‘उर्फ’, हा शब्द दिसला तर हीच शक्यता प्रथम पडताळावी. बाप्तिस्म्याच्या वहीत आढळणारी ‘म्युलरिन’ ही वेगळ्या घराण्यातली नसून म्युलरचीच पत्नी किंवा मुलगी असते. माळी-माळीण या जोडीशी परिचित असलेल्या वाचकाला हा ‘इन’ प्रत्यय चटकन उमगेल.

लिपीविषयीचा गैरसमज अधिक नाजूक आहे. जर्मन येत असेल तर जुनी पत्रे वाचता येतील असे मानले जाते, पण बाळबोध मराठी वाचणाऱ्याला मोडी दप्तर जसे परके वाटते, तशीच आजच्या जर्मन माणसाची ‘कुरंट’ या जुन्या वळणदार लिपीसमोर गत होते. तिच्यातला ‘ए’ हा आखूड तिरक्या रेघांचा असल्याने ‘एन’सारखा भासतो, आणि ‘यू’ ओळखण्यासाठी त्याच्या डोक्यावर छोटी कमान काढलेली असते. ती नजरेतून सुटली की गावाचे नावच बदलते. अशा प्रत्येक जुन्या हस्ताक्षराला ‘झ्युटरलिन’ म्हणण्याची चूकही सार्वत्रिक आहे. लुडविग झ्युटरलिन यांनी ती सोपी शालेय लिपी १९११मध्ये तयार केली, म्हणून १८५०चे पत्र तिच्यात असणे शक्यच नाही. तारखेतील ‘७बर’ म्हणजे जुलै नव्हे, तर सप्टेंबर, कारण लॅटिन ‘सेप्टेम’चा अर्थ सात.

अखेरचा गैरसमज असा, की सारी माहिती जर्मनीतील एखाद्या मध्यवर्ती कचेरीत एकत्र मिळेल. जर्मन साम्राज्यच १८७१मध्ये अस्तित्वात आले आणि जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंदणी साम्राज्यभर १८७६पासून सुरू झाली. त्याआधीच्या नोंदी मुख्यतः त्या त्या गावच्या चर्चच्या वह्यांत आहेत. ते गाव कोणते हे शोधताना प्रवासी याद्या कामी येतात : हाम्बुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील प्रवासी याद्या बहुतांशी टिकल्या असून त्यांत प्रवाशाचे ठिकाणही नोंदलेले आढळते. ब्रेमेनच्या बहुतेक याद्या मात्र नष्ट झाल्या. म्हणून घरातील कागदाचा उतारा करणाऱ्याने गावाचे नाव, ते कितीही चुकीचे वाटले तरी, न सुधारता अक्षर न् अक्षर जसे दिसते तसेच उतरवून ठेवावे.