खेळाडूचे मोल आणि नोंदीची मर्यादा

मराठीत ‘मोल’ आणि ‘किंमत’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांचा अर्थ सर्वस्वी एक नाही. सल्ला मोलाचा असतो; किंमत बाजारात ठरते. (‘मोलकरीण’ या शब्दात मोल नुसत्या वेतनावर येऊन थांबते, हा अपवाद बोलका आहे.) व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या खरेदीविक्रीचा जो व्यवहार चालतो, त्यात संख्याशास्त्राचा प्रवेश झाला तो नेमका या दोहोंमधील अंतर हेरण्यासाठी. ज्याचे मोल अधिक आणि किंमत कमी, असा खेळाडू इतरांच्या आधी ओळखणे हे त्याचे उद्दिष्ट होय.

ही दृष्टी प्रथम गाजली ती अमेरिकेतील बेसबॉलच्या क्षेत्रात. ओकलंडच्या संघाने २००२ साली तुटपुंज्या पैशांत मिळविलेले यश मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ (२००३) या पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाले. परंतु बेसबॉल काय किंवा क्रिकेट काय, हे चेंडूगणिक हिशेब मांडता येणारे खेळ आहेत. फुटबॉलमध्ये बावीस खेळाडू अखंड हालचालीत असतात आणि गोल मात्र सामन्यागणिक सरासरीने तीनही होत नाहीत. गोल करणाऱ्याचे नाव राहते. त्याच्यापर्यंत चेंडू येण्यास जे कारण झाले, ते विरून जाते.

या विरून जाणाऱ्या गोष्टींची मोजदाद करण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप यांनी केला. १९५० सालच्या मार्च महिन्यात स्विंडन टाउनच्या एका सामन्यापासून त्यांनी पेन्सिलीने चाली टिपण्यास आरंभ केला, आणि बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह १९६८ साली आपले निष्कर्ष संख्याशास्त्रज्ञांपुढे ठेवले. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, असे त्यांस आढळले. त्यावरून चेंडू लांबवर उडवीत खेळणे हितकारक, असा समज बळावला. वस्तुतः मुळात बहुतेक चाली तेवढ्याच आखूड असतात. तेव्हा त्यांतून अधिक गोल होणे स्वाभाविकच होते. आखूड चाल अधिक परिणामकारक असते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मोजणी अचूक आणि अनुमान सदोष, असा प्रकार साहित्याच्या शैलीवैज्ञानिक अभ्यासातही घडू शकतो. एखादा शब्द कवीने वारंवार वापरला म्हणून तो त्याचा विशेष ठरत नाही. त्या काळच्या भाषेतच तो किती वारंवार येतो, हे आधी पाहावे लागते.

अलीकडची पद्धती ‘अपेक्षित गोल’ या कल्पनेवर आधारलेली आहे. गोलजाळ्याच्या दिशेने मारलेल्या प्रत्येक फटक्याला, त्याचे अंतर, कोन इत्यादी ध्यानात घेऊन, यशाची शक्यता दिली जाते. पेनल्टीच्या बाबतीत ती चारांत सुमारे तीन इतकी भरते; दुरून मारलेल्या फटक्याची फारच अल्प. या शक्यतांची बेरीज दहा येत असून ज्याचे गोल पाचच झाले, त्याची बाजारातील किंमत उतरलेली असते. पण अशा जागी वारंवार पोहोचणे हेच त्याचे कौशल्य असण्याचा संभव असतो, आणि दुर्दैव हंगामागून हंगाम टिकतेच असे नाही. लंडनमधील ब्रेंटफर्ड या लहानशा क्लबाने हा विचार व्यवहारात आणला. त्याचे मालक मॅथ्यू बेनहॅम यांनी आपली संपत्ती सामन्यांवरील पैजांच्या गणितातून मिळविली होती. चौथ्या श्रेणीतील एक्झिटर सिटीकडून २०१७ साली सुमारे १८ लाख पौंडांस घेतलेला ऑली वॉटकिन्स २०२० साली २ कोटी ८० लाख पौंडांस विकला गेला, आणि पुढच्याच वर्षी, चौऱ्याहत्तर वर्षांनंतर, ब्रेंटफर्ड सर्वोच्च श्रेणीत परतले.

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. एक्झिटरच्या सामन्यांची तपशीलवार नोंद आधीपासून उपलब्ध होती. जेथे नोंदच नाही, तेथे हे शास्त्र काय करणार?

भारताच्या संदर्भात हा प्रश्न राजधानीतच उभा राहतो. नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड, साहित्याच्या अभ्यासकास ब्रिटिश कौन्सिल आणि मॅक्सम्युलर भवन यांमुळे परिचित आहे. ‘हिंदुस्तान टाइम्स’ची इमारतही त्याच मार्गावर आहे. तेथून फार दूर नसलेल्या, दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर ड्युरँड स्पर्धेचे कित्येक सामने झाले. ही स्पर्धा १९४० साली दिल्लीत आली आणि अनेक दशके तेथेच राहिली. परंतु त्या सामन्यांचे जे लिखित रूप उरले, ते मुख्यतः वृत्तपत्रांतील वृत्तांतांच्या रूपाने: निकाल, गोल करणारे, एखाददुसरा सुरेख बचाव. एखाद्या मध्यरक्षकाने दहा हंगामांत किती वेळा चेंडू परत मिळविला, हे त्यांवरून सांगता येणार नाही.

सतरा वर्षांखालील विश्वचषकात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, भारताचे तिन्ही सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले आणि तिन्ही गमावले गेले. भारताचा एकमेव गोल कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने डोक्याने केला. तो कॉर्नर संजीव स्टॅलिनने घेतला होता, हे किती जणांच्या स्मरणात असेल? त्याच संघात आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. गोलांच्या स्तंभात त्याच्या नावापुढे शून्य. तरीही इंडियन सुपर लीगमधील क्लबांना तो पुढे हवासा वाटला. अर्थात हे मोल आकड्यांनी नव्हे, पारख्यांच्या डोळ्यांनी जोखले असावे.

अनिकेत ज्या कोल्हापुरातून आला, तेथे फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावेच कुस्तीच्या आखाड्याशी असलेले नाते सांगतात, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या लढतींस लोटणारी गर्दी अनेक व्यावसायिक संघांना हेवा वाटावा अशी असते. एवढ्या प्रेक्षकांच्या स्मृतीत जे साठते, त्याचा तक्ता मात्र तयार होत नाही. तेथील खेळाडूला ‘उपेक्षित’ म्हणणेही सैलपणाचे ठरेल. उपेक्षा होण्यासाठी आधी गणना व्हावी लागते. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा कित्येक पुस्तकांना मिळालेली पहिली प्रतिष्ठा एवढीच होती की, त्यांची नोंद झाली.

नोंद सुरू करणे तितके दुर्घट नाही. रीप यांच्यापाशी पेन्सिलच होती. खरी अडचण तिच्या पुढची आहे. शाहू स्टेडियमवरील दहा गोल सुपर लीगमधील किती गोलांच्या बरोबरीचे मानावेत? याचे उत्तर दोन्हीकडे खेळलेल्या खेळाडूंच्या आकड्यांची तुलना करूनच मिळते. एक्झिटर आणि ब्रेंटफर्ड यांच्या दरम्यान अशी ये-जा सतत चालू असते. कोल्हापूरहून वर गेलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि अनिकेतसारखे काही तर लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्यामुळे त्यांच्या खात्यावर पेठेच्या मैदानावरील प्रौढ वयाचे हंगाम फारसे जमा नाहीत.